खडूताईंनी घर विकायला काढलं

घर बघायला आलेल्या पहिल्या जोडप्याला खडूताईंनी चहा दिला, बसायला त्यातल्या त्यात बऱ्या खुर्च्या दिल्या आणि मग बाथरूमच्या भिंतीत पाणी कुठून मुरतं ते दाखवायला नेलं. तिथून स्वयंपाकघरात. तिथली खिडकी नीट लागत नाही, हे त्यांनी ती तीनदा लावून आणि तीनदा आपोआप उघडू देऊन पटवलं. मग माडीवर नेऊन वाकलेली तुळई दाखवली. मागच्या खोलीची फरशी खालून पोकळ आहे, हेही सांगून टाकलं. जोडप्याने शेवटी "कळवतो" म्हटलं आणि बाहेर पडताना फाटकही हळूच लावलं, जणू त्याने घर पडेल.

दुसऱ्या खेपेला एक निवृत्त बँकवाले आले. ते घर बघत बघत "वा, वा" म्हणत होते. खडूताईंना ते आवडलं नाही. "वा काय?" त्या म्हणाल्या. "वर बघा." बँकवाल्यांनी वर बघितलं. छताला गेलेली भेग बघून त्यांनीही कळवतो म्हटलं.

खडूताई हे अर्थात त्यांचं खरं नाव नाही. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर काढली. तयार पंप समोर यायचा, त्या तो फिरवून बघायच्या, आणि ओतकामात कुठे खड्डा, चीर, बारीक भोक दिसलं की त्यावर पिवळ्या मेणखडूने गोल काढायच्या. तेलकट लोखंडावर साधा खडू उमटत नाही, म्हणून मेणाचा. गोल काढलेला पंप दुरुस्तीला जायचा, बाकीचे बाहेर जायचे. कारखान्यातली माणसं ताईंना पाठीमागे खडू म्हणायची. पुढे तोंडावरही म्हणू लागली आणि ताईंनीही ते चालवून घेतलं, कारण त्यात खूण करण्यासारखं चुकीचं काही नव्हतं.

तपासणीच्या टेबलाचा एक नियम होता. खूण करणाऱ्याने दुरुस्तीला हात लावायचा नाही. दोन्ही कामं एकाच्या हातात गेली की माणूस स्वतःचीच चूक झाकतो, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. ताईंनी हा नियम नोकरीपुरता न ठेवता घरीही आणला. घरात कुठे रंग सुटला, बिजागरी ढिली झाली, पोपडा आला, की त्या तिथे पिवळा गोल काढायच्या आणि आपलं काम झालं असं समजून पेपर वाचत बसायच्या. दुरुस्तीचं खातं वडिलांकडे, म्हणजे बाबांकडे होतं. बाबा शाळांची बाकं बनवणाऱ्या कारखान्यात सुतार होते आणि पान्हा, पटाशी, थापी यांतलं काहीतरी त्यांच्या हातात कायम असायचं. सकाळी उठून ते आधी घरभर गोल शोधत. सापडला की म्हणत, "आला वाटतं साहेबांचा हुकूम." संध्याकाळपर्यंत गोल पुसलेला असे.

हे खातं बरीच वर्षं सुरळीत चाललं. मग बाबांचे गुडघे गेले, नंतर नजर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले. तपासणीचं खातं मात्र चालूच होतं. त्यामुळे घर विकायला निघालं तेव्हा भिंतींवर, दारांवर, चौकटींवर इतके पिवळे गोल होते की धाकट्या भावाची बायको म्हणाली, "वन्सं, घराला कांजिण्या झाल्यात."

धाकटा भाऊ गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. गाद्या आणि घरं यांत त्याच्या मते फार फरक नव्हता. गिऱ्हाइकाला जरा आडवं होऊ द्यावं, आपण गोड बोलावं, आणि स्प्रिंगांचा विषय काढू नये. तिसरं गिऱ्हाईक परत गेल्यावर तो एजंटाला घेऊन आला.

एजंट हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "ताई, आपण करारात काय लिहिणार आहोत? आहे त्या स्थितीत. म्हणजे घर जसं आहे तसं. तुम्ही काही दुरुस्त करायचं नाही, आणि काही सांगायचीही गरज नाही. बघणं हे घेणाऱ्याचं काम."

"आहे त्या स्थितीत ना?"

"हो."

"मग ती स्थिती त्याला कळायला नको?"

"त्याने डोळे उघडे ठेवावेत."

"त्याचे डोळे असते उघडे, तर आमच्या कारखान्याने मला कशाला पोसलं असतं?"

एजंटाने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने छताकडे बघितलं आणि तिथेही गोल दिसल्यावर नजर खाली घेतली.

"ताई, खरं सांग," तो म्हणाला. "तुला हे घर विकायचंच नाहीये. हो ना? उगाच माणसं पळवून लावतेस."

हा आरोप मात्र खोटा होता. ताईंना घर विकायचं होतं, आणि भावापेक्षा जास्त घाई त्यांनाच होती. कारखान्यात सामानाच्या कोठारावर असलेली त्यांची मैत्रीण, जिला सगळे स्टोअरवाली म्हणत, तिच्याच मजल्यावर शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. तीस वर्षं दोघींनी एका बाकावर डबा खाल्ला होता आणि रोज कशावरून तरी वाद घातला होता. निवृत्त झाल्यापासून तो वाद फोनवर चालवावा लागे आणि फोनवर ताईंच्या मते समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने जिंकल्याचं समाधान मिळत नसे. खोल्यांचा मालक ताईंसाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर खोल्या शिकवण्या घेणाऱ्या एका मास्तरांना जाणार होत्या. आणि घर विकल्याशिवाय ताई त्या घेऊ शकत नव्हत्या.

"मला एवढ्या मोठ्या घरात एकटीने काय करायचंय?" त्या धाकट्याला म्हणाल्या. "इथे दिवसभर भांडायला माणूस नाही."

"मग एकदा, फक्त एकदा, तोंड बंद ठेव."

"कोणी विचारलं तर?"

"मी उत्तर देईन."

"कोणी चुकीचं बोललं तर?"

"बोलू दे!"

ताईंनी कबूल केलं. स्टोअरवालीला हे कळल्यावर ती फोनवर इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "तू आणि गप्प? त्यापेक्षा मास्तरांना चावी द्यायला सांगते, निदान शिकवण्या तरी सुरू होतील."

गिऱ्हाईक यायच्या आधी भिंती झाकायच्या, असं धाकट्याने ठरवलं. रंगारी बोलावला. त्याने फिकट बदामी डिस्टेंपरचे दोन हात दिले. एक गोल राहिला नाही. संध्याकाळी भिंती ओल्या ओल्या चमकत होत्या. धाकट्याची बायको मधोमध उभी राहून म्हणाली, "बघा वन्सं, गोरंपान केलं की नाही घर?" ताईंनी उत्तर दिलं नाही. त्यांचा सराव सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला आणि दारातच थांबला. रंग वाळला होता. आणि वाळता वाळता मेणावरून सरकून गेला होता, कारण मेणावर पाण्याचा रंग धरत नाही. प्रत्येक गोल आपापल्या जागी परत आला होता, आणि बदामी भिंतीवर तो आधीपेक्षाही उठून दिसत होता.

"तू रात्री उठून काढलेस," धाकटा म्हणाला.

ताईंचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं त्यांना कोणी काही म्हणालं असेल, पण हे नाही. "एकाच दोषावर दोनदा खूण करायला मी काय नवशिकी आहे?"

रंगाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत मेणाचा खडू आहे म्हणून? खरवडावं लागतं." खरवडायला वेळ नव्हता. गिऱ्हाईक अकराला येणार होतं, आणि ते एजंटाबरोबर अकराच्या आधीच आलं.

गिऱ्हाईक म्हणजे चौकातला लॉन्ड्रीवाला आणि त्याची बायको. त्याचं दुकान भाड्याच्या जागेत होतं, ती जागा जाणार होती, म्हणून त्याला रस्त्याला लागून काहीतरी घ्यायचं होतं. माणूस बारीक, इस्त्रीचा, बोलताना समोरच्याच्या कॉलरकडे बघणारा. त्याची बायको गोल, हसरी, आणि सगळ्या गोष्टींना हात लावून बघणारी. आत आल्या आल्या तिने भिंतीला हात लावला.

"हे गोल गोल काय आहेत हो?"

ताईंनी ओठ घट्ट मिटले. धाकट्याने गाद्यांच्या दुकानातलं हसू काढलं.

"हे? हे फिनिशिंग आहे. नवीन निघालंय. हाताने करतात."

"हाताने? बघा ना किती बारीक काम आहे," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिने बाथरूमच्या भिंतीकडे मान तिरकी करून बघितलं. "पण इथे जास्त का दिले? आणि सगळे ओलीच्याच जागी कसे आले?"

"ते... हवा खेळती राहावी म्हणून."

ताईंच्या घशातून एक आवाज आला. धाकट्याच्या बायकोने लगेच त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. तिथून त्यांनी पुढचा अर्धा तास जे ऐकलं ते तपासणीच्या टेबलावरच्या कोणाही माणसाला आजारी पाडायला पुरेसं होतं. न लागणारी खिडकी ही 'स्वयंपाकाचा धूर बाहेर जाण्याची सोय' झाली. वाकलेली तुळई 'जुन्या कामाची शोभा' झाली. ताई एकेक घोट पाणी पीत होत्या आणि मनात स्टोअरवालीशेजारच्या दोन खोल्या आणत होत्या. दुसरा ग्लास त्यांनी स्वतःहून मागितला.

लॉन्ड्रीवाला मात्र घर बघतच नव्हता. तो पावलं टाकून अंतर मोजत होता. समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेला, परत आला, फाटकाबाहेर जाऊन रस्त्याची रुंदी बघून आला. मग मागच्या खोलीत मधोमध उभा राहिला.

"इथे बॉयलर येईल," तो बायकोला म्हणाला. "बाजूला दोन मोठी मशिनं."

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"इथे नको," ताई दारात येऊन म्हणाल्या. धाकट्याने डोळे मिटून घेतले. "या फरशीखाली पोकळ आहे. बॉयलर ठेवलात तर बॉयलरसकट खाली जाल. आणि ते गोल म्हणजे फिनिशिंग नाही. जिथे गोल आहे तिथे दोष आहे. मी काढलेत. खिडकी बिघडलेली आहे, तुळई वाकलेली आहे, भिंत आतून भिजलेली आहे. संपलं."

एजंटाने हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. धाकट्याची बायको पुटपुटली, "गेले मास्तर राहायला."

लॉन्ड्रीवाल्याने पहिल्यांदाच ताईंच्या कॉलरऐवजी तोंडाकडे बघितलं. "बाई, फरशी राहतेय कुठे? मी हे सगळं पाडणार आहे. मला जागा हवी आहे. घराचं मी काय करू?"

असं ते एका क्षणात सोपं झालं. धाकट्याने सोडलेला श्वास समोरच्या खोलीत ऐकू आला असेल. आता फक्त चहा प्यायचा होता आणि कागदांचा दिवस ठरवायचा होता. पण ताई मागच्या खोलीच्या दारातून हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर, चांगला पंप कोणीतरी भंगारात टाकलेला बघितल्यासारखा भाव होता.

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"जिना पण?"

"जिना काय एकटा उभा ठेवू?"

"तुम्ही तो बघितलात का?"

"नाही."

"मग या."

आणि खडूताईंनी, ज्यांनी आयुष्यात एकाही वस्तूची स्तुती केल्याचं कोणाला आठवत नव्हतं, लॉन्ड्रीवाल्याला जिन्याशी नेऊन उभं केलं. "हा माझ्या वडिलांनी केलाय. चढा. उतरा. परत चढा. पायऱ्या सगळ्या एका मापाच्या आहेत. डोळे मिटून उतरलात तरी पाय चुकत नाही. कठड्यावरून हात फिरवा, कुसळ लागतं का सांगा. इतकी वर्षं झाली, एकदा करकरला नाही. आणि स्वयंपाकघराची जमीन बघा. पाणी ओता, सगळं मोरीत जातं, कोपऱ्यात एक थेंब राहत नाही. असा उतार हल्ली कोणी काढून दाखवावा."

लॉन्ड्रीवाला चढला, उतरला. त्याच्या बायकोने कठड्यावरून हात फिरवला आणि तो काढलाच नाही. जिन्यावर कुठेही पिवळा गोल नव्हता, हे धाकट्याच्याही आज प्रथमच लक्षात आलं.

"ताई, यावर तू कधीच खूण केली नाहीस?"

"करण्यासारखं काही मिळालं नाही."

"बाबांना कधी सांगितलंस?"

"पास झालेल्या मालाला कोण काय सांगतं? तो पुढे जातो."

लॉन्ड्रीवाल्याची बायको आता पायरीवर बसली होती. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मागचं तेवढं पाडू या आणि हे ठेवू या ना. वर आपण राहू. किती छान आहे हा."

"ठेवायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी झाली," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "मग पाया बघायला हवा, छत बघायला हवं. माहितीतला माणूस आणून सगळं तपासून घेऊ. मग ठरवू. महिना-दीड महिना जाईल. तोवर थांबाल ना तुम्ही?"

धाकट्याने बहिणीकडे अशा नजरेने बघितलं की त्याला बोलावंच लागलं नाही. महिना-दीड महिन्यात मास्तरांच्या शिकवण्या सुरू झालेल्या असणार होत्या. लॉन्ड्रीवाल्याची बायको आशेने बघत होती. एजंट घड्याळ बघत होता.

ताईंनी कठड्याच्या टोकावर हात ठेवला. लाकूड तिथे इतकं गुळगुळीत झालं होतं की बोटं घसरत. मग हात काढला आणि पदराला पुसला.

"तपासायला दुसरा माणूस कशाला हवा?" त्या म्हणाल्या. "मी सांगते ना. हा जिना ज्या तुळईवर टेकलाय तीच वाकली आहे. ती बदलायची तर छत उतरवायचं. छत उतरवलं की बाथरूमची भिंत राहायची नाही. एका जिन्यासाठी एवढं सांभाळू नका. पाडा."

"नक्की?" लॉन्ड्रीवाल्याची बायको म्हणाली.

"नक्की. मी खोटं सांगत नाही, तुम्ही बघितलंतच."

हे तिला नाकारता येईना. लॉन्ड्रीवाल्याने मान डोलावली आणि एजंटाला म्हणाला, "लिहा मग. आहे त्या स्थितीत." खडूताईंनी वाचलेल्या दोषांच्या पाढ्याने आयुष्यात पहिल्यांदा एखादा व्यवहार जुळवला, असं धाकट्याने पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी मात्र सगळे गेल्यावर तो एकटाच जिना दोनदा चढला-उतरला. ताई स्वयंपाकघरात कप विसळत होत्या.

कागद झाले. लॉन्ड्रीवाल्याची बायको म्हणाली होती की हवं ते काढून न्या, पण ताईंनी भांडी, कपडे, एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढंच नेलं. जिन्याचा कठडा तरी काढून घ्यावा, असं धाकट्याच्या बायकोने सुचवलं. "दोन खोल्यांत कठडा कुठे लावू? पलंगाला?" ताई म्हणाल्या.

घर पाडत असताना त्या तिकडे फिरकल्या नाहीत. स्टोअरवालीने सोबत यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, "पाडण्यात बघायचं काय असतं?" आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी स्टोअरवालीच्या एकाही वाक्याला विरोध केला नाही. स्टोअरवाली घाबरली. तिने मुद्दाम चुकीच्या गोष्टी सांगितल्या, कारखान्यातल्या जुन्या साहेबाचं नाव चुकवलं, पंपाचा एक नमुना भलत्याच वर्षी निघाल्याचं सांगितलं. तिसऱ्या चुकीला ताई म्हणाल्या, "तू कोठारात होतीस की झोपेत?" तेव्हा तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरवालीला दोघींच्या मधल्या भिंतीवर टकटक ऐकू आली. एकदा, मग जरा सरकून परत, मग आणखी वर. ती घाईघाईने चप्पल न घालताच शेजारी आली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

ताई स्टुलावर उभ्या होत्या, एक कान भिंतीला लावून. "काही नाही गं. प्लास्टर कुठे सुटलंय का बघत होते."

"म्हणून मला उठवलंस?"

"तुला नाही, भिंतीला वाजवत होते. इथे सुटलंय. ऐक."

"माझ्या बाजूने सुटलेलं नाही."

"भिंत एकच आहे."

"तुझी बाजू तुझी, माझी बाजू माझी," स्टोअरवाली म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "चहा टाक आधी. मग सांगते तुला कसं ते."